कोपऱ्यातलं बोट

मंगलवहिनी, तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला, तेव्हाच मला संशय आला.

कालव्याच्या कडेला पिंड ठेवून माणसं नीट मागंसुद्धा सरकली नव्हती, तोवर तो आला. भातात चोच मारली, दादानं तुझ्या आवडीचा शेवचिवडा ठेवला होता तो उधळला आणि उडून गेला. मंडळींनी सुस्कारा टाकला. भावकीतले एक आबा म्हणाले, "पुण्यवान बाई. मागं काय ठिवलंच न्हाई तिनं." दादा टॉवेलात तोंड घालून रडला. मी तिथंच उभी. काहीच मागं ठेवलं नाही? मग आपलं भांडण अर्धवट पडलं होतं ते कुठं गेलं? लोकांच्या दहाव्याला कावळा उन्हात ताटकळत ठेवतो, मग घरातला एकेकजण पुढं होऊन शब्द देतो. मीही मनात शब्द जुळवून आले होते. तू मला बोलूच दिलं नाहीस.

मी शाळेत विज्ञान शिकवते. कावळ्याला भूक लागते आणि तो खातो, एवढं मला कळतं. तरी घरी येईपर्यंत एकच विचार डोक्यात होता, की जिला माझ्याशी काही देणंघेणंच नव्हतं, तीच अशी घाईनं निघून जाते.

तर लिहितेय ते ह्यासाठी. तू कशी होतीस, किती राबलीस, हे चौकातल्या फ्लेक्सवर लिहिलंय, ते मी इथं पुन्हा लिहिणार नाही. मला तुझ्याकडून एकच गोष्ट कळून घ्यायची होती. तुझ्या लेखी मी घरातली होते की बाहेरची?

त्या फ्लेक्सचंही सांगते. तू पाहिला असतास तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. आधार कार्डावरचा फोटो मोठा केलाय. फ्लेक्सवाल्यानं तुला गोरी केलीय, ओठ गुलाबी केलेत, मागं ढग सोडलेत. गळ्यात कुणाचं तरी भलतंच गंठण आहे. तुझी ऋतुजा त्याच्याकडं बघून म्हणाली, "आत्तू, ही कोण?" दुसरा फोटो कुठून आणायचा? घरातल्या फोनमध्ये फोटोंचा ढीग आहे आणि सगळे तू काढलेले. एकातही तू नाहीस.

गाईंच्या धारा काढून झाल्या की तुझा त्या दिवशीचा फोटो यायचा. मी बारामतीत डबे भरत असायचे. फोटोच्या मागोमाग तुझा आवाज यायचा, कारण टाइप करायचा तुला कंटाळा. एकदा तू दादाची एकच चप्पल पाठवलीस, कंपाउंडवर ठेवलेली. "ताई, ह्या चपलंची गंमत ऐका. दुसरी कुत्र्यानं न्हेली. तुमच्या दादाचं म्हणणं, कुत्रं इमानी हाय, आणून दील. म्हणून ही जपून ठिवलीय." चार-आठ दिवसांनी पुन्हा फोटो, आता कंपाउंडवर दोन चपला. "आणून दिली की! पण शेजारच्यांची."

मी वर्गात जाईपर्यंत हसत होते. पण हसता हसता मनात यायचंच, की ही मला रोज हे का पाठवते? बायका उगाच काही करत नाहीत, आणि भावजया तर मुळीच नाहीत.

कारण प्रत्येक फोटोला एक शेपूट असायचं. तारेवर वाळणारं आईचं नवं लुगडं आलं, तर मागून तुझा आवाज, "आत्याबाईंनी आज घडी मोडली. म्हणत्यात, लेक आली की नेसावं म्हणून ठिवलं व्हतं. लेकीला काय सवड घावंना." हा निरोप होता की टोमणा? डाळिंबाच्या बागेला पहिली कळी आली, तर "हितं फुलं लागलीत, तुमच्या गॅलरीत काय लागलंय?" हे प्रेमानं की मिजाशीनं? तू सांगवीची, म्हणजे बारामतीच्या अंगची, लग्न होऊन इंदापूर तालुक्यात आलीस. मी लासुर्ण्याची, बारामतीत आले. "आपली अदलाबदलीच झाली, ताई," तू म्हणायचीस. मला त्यातही खोट दिसायची. अदलाबदलीत घर, अंगण, आई सगळं तुझ्या वाट्याला गेलं आणि माझ्या वाट्याला रोजचा एक फोटो.

मी तुला 'तू' म्हणायचे. तू मला शेवटपर्यंत 'ताई, तुमी'च म्हणालीस. आमच्याकडची रीतच तशी, हे माहीत आहे. तरी मोजून अंतर ठेवल्यासारखं वाटायचं. रागावलीस की 'मॅडम' म्हणायचीस, ते जास्त जवळचं वाटायचं.

आणि ते बोट.

तुझ्या फोटोंच्या उजव्या कोपऱ्यात धुरकट, तांबूस, फुगलेलं असं तुझं बोट यायचं. वासराच्या कानावर, भाकरीच्या टोपल्यावर, ऋतुजाच्या वेणीवर. मी पहिले काही महिने सांगून पाहिलं. फोन असा धर, बोट मागं घे, भिंगावर येतंय. "बरं बरं," म्हणायचीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मी सांगायचं सोडलं आणि कोपरा कापून फोटो माझ्या स्टेटसला ठेवायला लागले. वर 'माझं माहेर' असं लिहायचे आणि तुझीच गोष्ट जरा नीट भाषेत. शाळेतल्या बाई विचारायच्या, "मॅडम, आज गावाकडचं काय?" मला बरं वाटायचं. घरातली पहिली पदवीधर मी. मागं एवढं भरलेलं घर आहे हे लोकांना दिसावं, असं वाटायचं. त्यात काय चुकलं?

पण त्या बोटाचा माझा राग स्टेटसच्या आधीचा होता, हे तुला माहीत होतं. कॉलेजात पदवी मिळाली तो दिवस. दादानं पहिल्यांदा टच फोन घेतला होता. तू आणि तो लासुर्ण्याहून आलात. मी काळा झगा घालून, पदवीची गुंडाळी हातात धरून कॉलेजच्या पायऱ्यांवर उभी राहिले. आपल्या सात पिढ्यांत त्या पायऱ्यांवर असं कोणी उभं राहिलं नव्हतं. दादाला धड धरता येईना म्हणून फोन आल्यापासून तुझ्याच हातात होता. माझा एकच फोटो निघाला, मग बॅटरी गेली. घरी येऊन चार्जिंगला लावून बघितला, तर कोपऱ्यात तुझं बोट. माझ्या कोपरावर, झग्याच्या बाहीवर, गुंडाळीच्या टोकावर.

मी त्या दिवशी जेवले नाही. आई म्हणाली, "जाऊ दे, पोरीनं पयल्यांदाच फोन धरला." मी मनात पक्की नोंद केली. तुझी शाळा सातवीत सुटलेली. माझं तुला बघवलं नाही, म्हणून तू मुद्दाम केलंस. फ्रेम करताना तेवढा भाग कापला. म्हणून माझ्या हॉलमधल्या फोटोत मला एक कोपर नाही आणि पदवी अर्धीच आहे.

ते जर्सी वासरू झालं, गोरंपान, कपाळावर चांदणी, त्याचा फोटो मी स्टेटसला ठेवला, त्या दिवशी तू फोन केलास. तू सहसा फोन करत नसायचीस.

"ताई, तुमी आपलं वासरू ठिवलंय व्हय स्टेटसला?"

"मग? छान आलाय फोटो."

"छान आलाय त्ये खरं. पण कोपरा कापलाय तुमी."

"वहिनी, कोपऱ्यात तुझं बोट होतं."

"आसंना. ऱ्हाऊ द्यायचं की."

"बोट काय राहू द्यायचं? लोक हसतात."

"हसू द्या की. हसली म्हंजी बरं असतं."

"तू आधी फोन धरायला शिक."

"आमी सातवी पास, मॅडम. तुमी शिकवा."

आणि फोन ठेवलास. मी हातात फोन धरून कितीतरी वेळ विचार करत होते. बोट राहू द्या, म्हणजे काय? फोटोवर आपली सही राहावी असं हिला वाटतंय? हे सगळं माझं आहे, असा शिक्का?

तुझ्या माहेरच्या गाईचा फोटो मी तुला पाठवला होता, आठवतं? शाळेच्या कामानं सांगवीला गेले होते. तुमच्या दारातल्या लिंबाखाली गाय बांधलेली, ऊन तिरपं, फोटो आरशासारखा लख्ख. वाटलं, तू खूश होशील. तुझं उत्तर आलं, तेही जरा थांबून, "लईच स्वच्छ आलाय, ताई. येवढा स्वच्छ फोटो कशाला काढायचा?" चांगलं केलेलंही हिला खुपतं, असं मी त्या दिवशी आमच्या ह्यांना सांगितलं.

मग आईचं. तुझ्या फोटोत आईचा हात यायचा, पाठ यायची, खाटेखालच्या वहाणा यायच्या, चहाचा कप यायचा. तोंड कधी यायचं नाही. मी तीनतीनदा मागितलं. "आत्याबाई न्हाई म्हणत्यात." का नाही म्हणतात? "आता त्यास्नीच इचारा." आई फोनवर 'बरं हाय' याच्या पलीकडं बोलत नाही. मला नाही नाही ते सुचायला लागलं. तोंड का लपवतात? आई वाळली असेल. रडलेली असेल. तू तिला नीट बघत नसशील आणि हे चहाचे कप, ही लुगडी माझं समाधान व्हावं म्हणून पाठवत असशील. पाठ दाखवली, हात दाखवला, की लेक गप्प बसते.

म्हणून मी एका शनिवारी शाळा सुटल्यावर न कळवता इंदापूरच्या एसटीत बसले. लासुर्ण्याला उतरले आणि रस्त्यानं न येता उसाच्या कडेनं मागच्या बाजूनं आले, म्हणजे आहे तसं बघायला मिळेल. तुम्ही दोघी अंगणात. आई खाटेवर, तू मागं बसून तिच्या केसांना तेल लावत होतीस. आईचं तोंड माझ्याकडं होतं आणि ती हसत होती, बोळकं पसरून. तू मला पाहिलंस आणि हात न थांबवता म्हणालीस,

"आत्याबाई, सावरून बसा. फ्लाइंग स्क्वाड आलं. कॉप्या लपवा."

"कसल्या कापी?" आई म्हणाली.

"तुमच्या लेकीला वाटतंय मी तुमाला उपाशी ठिवती. मागनं आल्यात बघा, उसातनं. मॅडम, चपलंला चिखल लागलाय, धुऊन या."

मी चिडले, कारण खरं होतं. मी आईला विचारलं, फोटो का काढू देत नाहीस? आईनं तोंडावर पदर घेतला. तूच म्हणालीस, "कवळी टोचती म्हणून घालत न्हाईत, आन् बोळक्याचा फोटो काढू देत न्हाईत. सुनंचं काय चालतंय?" आई म्हणाली, "माझ्या लेकीच्या शाळंतल्या बाया बघत्यात. तिची आई बोळकी दिसावी व्हय?"

एवढंच होतं. मी हसले आणि तू केलेली शेंगांची आमटी भाकरी कुस्करून खाल्ली. माझा एक संशय त्या दिवशी मिटला, पण निघताना दुसरा उभा राहिला. आईनं कशीबशी कवळी घातली, मी तिच्या शेजारी बसले आणि तू फोटो काढलास. मी लगेच फोन घेऊन बघितला. कोपऱ्यात बोट.

"वहिनी, बोट!"

"आलं व्हय? आलं असंल."

तू बघायलासुद्धा वाकली नाहीस. न बघता तुला ठाऊक होतं. मी विचारलं, "मुद्दाम करतेस ना?" "कशाला करीन मुद्दाम?" असं म्हणून तू आईकडं बघितलंस आणि आईनं गोठ्याकडं. तुम्हा दोघींचं ते बघणं मी टिपलं, वहिनी. एसटीत बसल्यावर खिडकीतून काही दिसत नव्हतं मला. त्या घरात काहीतरी ठरलेलं होतं. ते माझ्या आईला माहीत होतं, तुला माहीत होतं आणि मला माहीत नव्हतं. त्यालाच तर बाहेरची म्हणतात.

शेवटचं भांडण फोनवर झालं. निमित्त काय होतं तेही आता आठवत नाही, बहुतेक पुन्हा कोपराच. मी म्हणाले, "तुला माझं काही बघवतच नाही. पदवीच्या फोटोपासून बघतेय मी." म्हणाले ते म्हणाले, मनात होतं तेच तोंडावर आलं. मागं गाय हंबरल्याचं ऐकू आलं. मग तू म्हणालीस, "ताई, त्या फोटोचं तुमी अजून धरून बसला व्हय? येकदा निवांत या. सांगते."

निवांत काही मिळालं नाही. साध्या तापाचं निमित्त झालं. दवाखाना बारामतीतलाच, माझ्या घरापासून जवळ, पण तुझ्या खाटेभोवती कायम माणसं. तिथूनसुद्धा तू फोटो पाठवलास, टांगलेल्या सलाइनच्या बाटलीचा. मागून आवाज, बारीक झालेला, "ताई, तुमच्या दादानं बागंला लावलं, तसं मलापण ठिबक लावलंय. आता बघा कशी फुटते." संध्याकाळी मी डबा घेऊन आले तेव्हा विचारलं, "काय सांगणार होतीस?" तू डोळे मिटून म्हणालीस, "घरी गेल्यावर." मला वाटलं, टाळतेस.

दहाव्याची माणसं पांगली आणि मी आईपाशी बसले. ऊन उतरत होतं. आई म्हणाली, "मंगलचं फोटू दाव की."

"आई, तिचा एकपण नाही. तिनं काढलेले आहेत."

"तेच दाव."

मी एकेक सरकवत गेले. आईला धड दिसत नाही, पण फोन डोळ्याला लावून बघत होती. वासरू आलं. आईनं विचारलं, "हितं कोपऱ्यात बोट हाय का गं?"

"आहे. आता तू नको त्यावरनं सुरू करू."

"असंलच. काळं बोट लावायची ती."

"म्हणजे?"

आईनं फोन खाली ठेवला. मग म्हणाली, "तुझी आजी काय करायची? मेंढरं व्हती आपली तवा? गिऱ्हाईक यायच्या आधी नामी कोकराच्या कपाळाला तव्याची काजळी फासायची. चांगलं जित्राब असंच दावायचं नसतंय. तुझ्या दादानं तो पयला मोठा फोन आणला, तवा मी मंगलला म्हणलं, बाई, फोटू म्हंजी आख्ख्या गावाला दावणं. तीट लावल्याबिगर दावू नगं. तर म्हणली, आत्याबाई, फोटूला काजळ कुठं लावू? मंग तिचं तिनंच काढलं डोक्यातनं. बोट ठिवायचं."

"आणि मला सांगितलं नाही?"

"तू सायन्सवाली. हसली असतीस."

हसले असते, यात शंका नाही. आजही मी नजर-बिजर मानत नाही, वहिनी, आणि तू गेलीस म्हणून मानायला लागणार नाही. पण मला वेगळंच खुपलं. मी म्हणाले, "आई, ती फोटो पाठवायची मला. बघणारी मी. मग तीट कुणाच्या नजरेला? माझ्या?"

आईनं कूस बदलली. "मला काय इचारती? दमले मी."

आईच्या सांगण्यावरही माझा लगेच विश्वास बसला नाही. मेलेल्या सुनेची बाजू घेते, असं वाटलं. जिवंतपणी एवढी कधी घेतली नव्हती. मी शाळेत पोरांना शिकवते, कुणाचं ऐकून लिहू नका, आधी निरीक्षण करा. म्हणून बारामतीला आल्यावर रविवारी फोन घेऊन बसले आणि तुझे सगळे फोटो अगदी पहिल्यापासून परत पाहिले. कापलेले नव्हे, तू पाठवलेले.

मला वाटायचं, बोट सगळ्या फोटोंत आहे. तसं नाही.

वासराला बोट आहे. डाळिंबाच्या कळीला आहे. टम्म फुगलेल्या भाकरीला, ऋतुजाच्या वेणीला, आईच्या हाताला, भरलेल्या कणगीला आहे. फुटलेल्या पाइपाला नाही. लाइट गेली तेव्हा पाठवलेल्या मीटरला नाही. कंपाउंडवरच्या चपलेला नाही. दादा दुपारी तोंड उघडं टाकून झोपलाय, त्याला नाही. त्याला कोण नजर लावणार, हे तुलाही कळत होतं. सलाइनची बाटली स्वच्छ आहे, आतला थेंबसुद्धा दिसतो.

म्हणजे फोन धरायला तुला उत्तम येत होतं. इतकी वर्षं मला येडं बनवलंस.

आणि तरी माझा प्रश्न तिथंच. उलट जास्त टोकदार. जे जे चांगलं होतं, ते तू मला दाखवलंस आणि दाखवताना झाकलंस. गावात बाया बोलतात ते मला माहीत आहे, नणंदेची नजर सगळ्यात वाईट, तिचं स्वतःचं घर सोडून गेलेली असते ती. वासराचा कोपरा कापला म्हणून तू फोन केलास, तो शाळेतल्या बायांच्या भीतीनं की माझ्या? मी तुझा आवाज पुन्हा पुन्हा ऐकला. 'हसली म्हंजी बरं असतं.' त्यातून काही निघालं नाही. तू चतुर होतीस. पुरावा ठेवायची नाहीस.

फोन खाली ठेवला तर समोर भिंतीवर मी. काळा झगा, कोपर नाही, अर्धी पदवी.

आईचं वाक्य तेव्हा आठवलं. दादानं तो पयला मोठा फोन आणला तवा. पायऱ्यांवर तुझ्या हातात होता, तो तोच फोन.

मी ऋतुजाला फोन केला. "बाळ, तुझ्या पप्पांच्या जुन्या फोनचं मेमरी कार्ड आहे का?" तिनं शोधून, कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर उघडून, त्या दिवशीचे सगळे फोटो पाठवले. मला वाटायचं, तू एकच काढलास. चार आहेत. कॉलेजचं गेट, कमानीवरचं अक्षर न् अक्षर वाचता येतं. दादा कुणाच्या तरी मोटारसायकलला टेकून उभा, लख्ख. कॅन्टीनमधली वड्याची प्लेट, लख्ख. आणि चौथा मी.

फक्त माझ्यावर बोट.

तेव्हा स्टेटस नव्हतं, वहिनी. मी तेव्हा बघणारी नव्हते. त्या फोटोत मी वासरू होते. कपाळावर चांदणी असलेलं, आख्ख्या गावाला दाखवायचं. घरात पहिल्यांदाच असं काही झालं होतं आणि तुझ्याजवळ काजळ नव्हतं.

हे तू मला सांगायला हवं होतंस. निवांतपणाची वाट कसली बघायची? मी हसले असते, वर दोन शब्द सुनावलेही असते, पण जेवले असते त्या दिवशी. आणि खरं सांगू, अजून एखादा संशय उरतोच. पहिल्यांदा फोन धरलेल्या बाईचं बोट चुकूनही येतं. पण मग गेट? मग वड्याची प्लेट? एवढ्या निरीक्षणांवर मी वर्गात पोरांना अनुमान काढू देते. स्वतःलाही द्यायला हवं.

कावळ्याचं आता कळतंय. तुझं काही राहिलं नव्हतं. राहिलं होतं ते माझं.

काल शाळा सुटल्यावर बाजारपेठेतल्या स्टुडिओत गेले. तो चौथा फोटो, अख्खा, मोठा करून हवा म्हणाले. पोरगेलासा फोटोवाला स्क्रीनवर माझ्याकडं बघून खूश झाला.

"मॅडम, तुम्ही का या? भारीच. फक्त हे कोपऱ्यात कुणाचं तरी बोट आलंय. काढून टाकतो. लगेच होतंय."

"नको. राहू द्या."

"अहो, फ्रेम करताय ना? भिंतीवर लोक हसतील."

"हसू द्या की. हसले म्हणजे बरं असतं."

त्यानं एकदा माझ्याकडं, एकदा स्क्रीनकडं बघितलं. बाई नीट आहे ना, असा त्याला संशय आला असावा. "पण बोट आहे कुणाचं?"

"आमच्या वहिनीचं," मी म्हणाले. "तिचा एवढाच फोटो आहे आमच्याकडं."